दोन माड्यांचे मालक

लोटन मास्तरांनी माडी परत मिळवायचं नक्की केलं, त्या दुपारी त्यांना एकापाठोपाठ एकोणीस शिंका आल्या. आकडा पार्वतीबाईंनी मोजलेला, तेव्हा तो चुकणं शक्य नाही.

"एकोणीस व्हयन्यात," त्या चुलीपुढून म्हणाल्या. "आखो एक येऊ द्या, म्हंजे वीस व्हई जातीन."

विसावी आली नाही. आली असती तर मास्तर कदाचित नेहमीसारखे नाक पुसून स्वस्थ बसले असते. पण अडून राहिलेली शिंक माणसाला विचार करायला लावते. मास्तरांनी वर पाहिलं. डोक्यावरच्या माडीच्या फळ्यांच्या फटींतून उन्हाची एक तिरीप उतरली होती आणि तिच्यात मिरच्यांची तांबूस धूळ सोन्याच्या भुकटीसारखी तरंगत होती. दिसायला फार सुंदर होती. नाकात गेल्यावर सौंदर्य संपत होतं.

हे छत्तीस सालचं, पौषातलं. म्हसावदच्या मोठ्या गल्लीत मास्तरांचं दुमजली घर होतं. म्हणजे घर दुमजली होतं, मास्तरांचं फक्त खालचं. त्यांचे वडील आत्माराम पाटील एका मित्राच्या कापूस पिंजायच्या यंत्राला जामीन राहिले होते. पुढे मित्र गेला, यंत्र गेलं, जामीन तेवढा राहिला. कोर्टानं लिलाव पुकारला. राहायला छप्पर हवं म्हणून खालचं घर लिलावातून वगळलं आणि वरची माडी तेवढी विकली. ती घेतली मिरच्यांचे व्यापारी दगाशेठ यांनी. या नावावरून परगावच्या माणसानं भलतंसलतं समजू नये. खानदेशात पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव दगा ठेवतात, म्हणजे दगड. दृष्ट लागत नाही. शेठांना ती खरंच लागली नाही. ते सत्तरीला आले होते आणि दर हंगामात माडी मिरच्यांनी भरत होते.

शेठांनी उत्तरेच्या बोळातून बाहेरून एक शिडी, तिकडच्या बोलीत निसनी, लावून घेतली होती. घरातला जुना जिना मात्र मास्तरांकडे राहिला. तो चढून गेलं की डोकं थेट एका लाकडी झडपेला लागे, आणि ती झडप वरून खिळे ठोकून बंद केलेली. कुठंही न जाणाऱ्या जिन्याचं काय करायचं, हा प्रश्न पार्वतीबाईंनी लग्न होऊन आल्या आल्या सोडवला. पहिल्या पायरीवर लोणच्याची बरणी, दुसरीवर पापडांचा डबा, तिसरीवर मीठ, चौथीवर गूळ, पाचवीवर तुरीची डाळ. सहावी पायरी त्यांनी नवऱ्याला दिली. मास्तर तिथे बसून वर्तमानपत्र वाचत, वह्या तपासत आणि बहुतेक वेळ स्वप्नं पाहत.

माडीवर ते शेवटचे गेले तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत ती माडी त्यांच्या मनात हळूहळू वाढत गेली. आधी ती एक साधी खोली होती. मग तिला आणखी एक खिडकी फुटली. चौथीचा वर्ग तेविसाचा पाढा म्हणू लागला, की त्या लयीत मास्तरांचे डोळे जड होत, आणि आवाज तेवीस साते एकशे एकसष्टपर्यंत पोचेतो मास्तर माडीत पोचलेले असत. तिथे शिसवी पलंग असे. वारा असा येई की वह्यांची पानं आपोआप उलटत. सातपुडा दोन कोस चालत येऊन खिडकीच्या चौकटीला टेकून बसे आणि मास्तरांकडे अदबीनं पाही. एकदा तर माडीत मोर होता. मोर मास्तरांना म्हणाला, "बसा." मग कुणीतरी तेवीस नव्वे चुकलं आणि मास्तर जागे झाले. असो.

तर एकोणीस शिंकांनंतर मास्तरांनी धुतलेला कोट घातला आणि ते दगाशेठांच्या दुकानाकडे निघाले. वाटेत त्यांनी भाषण जुळवलं. शेठ नाही म्हणणार, हे धरून चाललेलं होतं. मग आपण म्हणू, शेठजी, इमारती लाकडाच्या असतात पण त्यांत माणसांची मनं असतात. मग शेठ कुत्सित हसतील. मग आपण टोपी सारखी करून म्हणू, ठीक आहे, आता कोर्टात भेटू. हे शेवटचं वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी मारुतीच्या देवळापाशी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. पुजाऱ्यानं दचकून बाहेर पाहिलं.

शेठ पोत्यावर बसून सुपारी कातरत होते.

"शेठजी," मास्तर म्हणाले, "मला माझ्या वडिलांची माडी परत हवी आहे."

"ली ल्या," शेठ म्हणाले. म्हणजे, घेऊन टाका.

मास्तर उघड्या तोंडानं उभे राहिले. आत सगळं भाषण तयार होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती.

"ली ल्या मास्तर. निसनी चढता चढता मन्हा गुडघा बोंब मारतस. मी जितला लिलावमा भरेल शेत, तितलाच द्या. मिरच्या होळीलोंग काढी लेस." शेठांनी कनवटीची किल्ली काढून पुढे केली. "हाई किल्ली."

चोवीस वर्षं ज्या माणसाला आपण मनात काळाकभिन्न, मिशाळ, हावरट रंगवला, त्यानं असं सुपारी कातरत सर्वस्व परत द्यावं, हा मास्तरांना आपला अपमान वाटला. त्यांनी किल्लीला हात लावला नाही.

"नाही शेठजी," ते ताठ होऊन म्हणाले. "जी वस्तू कागदानं गेली ती कागदानंच येईल. स्टँपावर. रजिस्टर होऊन."

"कागद कसाले जोयजे? आपला आपलामा?"

"जोयजे," मास्तर म्हणाले. एरवी शाळेत पोरांच्या तोंडी अहिराणी आली की छडी उचलणाऱ्या मास्तरांच्या तोंडून ती कशी निसटली, हे त्यांनाच कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी ही हकीगत सांगितली तेव्हा पार्वतीबाईंनी एवढंच विचारलं, "किल्ली दी ऱ्हायना व्हता, अन् तुम्ही लिधी नही?" मग त्या गूळ काढायला चौथ्या पायरीकडे गेल्या.

कागदाच्या बाजूनं बोलणारं एकच माणूस भेटलं. दक्षिणेच्या घरातल्या फुलवंताबाई. त्या एकट्या राहत; नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. घर मास्तरांच्या घरासारखंच दुमजली, पण माडीसकट स्वतःचं, आणि ही गोष्ट त्या दिवसातून एकदा तरी बोलून दाखवत. गल्लीतल्या कुठल्याही कामात सल्ला द्यायचा तो आधी त्यांनी.

"मास्तर, कागद पक्का करा," त्या ओट्यावरून म्हणाल्या. "आज शेठ गोड शे, सकाय त्येना पोऱ्या कडू निंघी. चारी दिशा लिखी ल्या. एक दिशा सोडशात, तर तठूनच चोर येस."

मास्तरांनी हा सल्ला शिरोधार्य मानला. मागच्या पडवीची कौलं बदलायला म्हणून पोस्टात ठेवलेले पैसे काढले. दस्त लिहायला लेखनिक करा, असं शेठांनी सुचवलं. पण मास्तरांच्या अक्षराला तालुक्यात तोड नव्हती आणि हे तालुक्याला अजून कळलेलं नव्हतं. अशी संधी पुन्हा कधी येणार? त्यांनी लिलावाचा जुना दाखला समोर ठेवला, बोरूला टोक काढलं आणि तीन संध्याकाळी बसून त्याची चतुःसीमा जशीच्या तशी खरेदीखतात उतरवली. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. प्रत्येक 'स' असा काढला की पाहणाऱ्यानं वाचणं विसरावं. स्वतः मास्तरही विसरले. एकमेकांच्या पाटीवरून न वाचता उतरवणाऱ्या पोरांना ते भिंतीकडे तोंड करून उभं करत, हे इथे नमूद केलं पाहिजे.

दस्त रजिस्टर झाला. शेठांनी जिलबी वाटली. आता फक्त गावच्या दप्तरात नाव चढायचं राहिलं होतं, म्हणून मास्तरांनी तलाठ्याला अर्ज दिला. तलाठ्यानं अर्ज हातभर दूर धरला, जवळ घेतला आणि परत दिला.

"मास्तर, अक्षर फार सुंदर आहे."

मास्तर लाजले.

"सरकारी अर्ज असा नसतो. साहेबाला वाटेल लग्नपत्रिका आहे. तालुक्याहून अर्जनविसाकडून लिहून आणा."

हा घाव मास्तर आठ दिवस बाळगून होते. नवव्या दिवशी ते भाड्याच्या छकड्यात बसून तालुक्याला गेले. कचेरीबाहेरच्या निंबाखाली पौलस अर्जनवीस बसत. चिंचपाड्याकडचे, मिशनच्या शाळेत शिकलेले, नाकावर चष्मा, पुढ्यात उतरती पेटी. त्यांची एक खोड होती. कुठलाही कागद हाती आला, की ते तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्यानं वाचत. घाईतले पक्षकार त्यांच्याकडे जात नसत.

"पूर्वेस सरकारी रस्ता," पौलस वाचत होते. "पश्चिमेस परसू. दक्षिणेस पिंपळाचा पार. मास्तर, पिंपळाचा पार तुमच्या भिंतीला लागून आहे?"

"नाही. मध्ये फुलवंताबाईंचं घर आहे."

"बरं. उत्तरेस आत्माराम पाटील यांचे घर. हे आत्माराम पाटील कोण?"

"माझे वडील."

"आणि विकलेली माडी कुणाच्या घरावरची?"

"माझ्या वडिलांच्या."

पौलसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मास्तरांकडे फार मायेनं पाहिलं.

"मास्तर, आपल्याच घराच्या दक्षिणेला आपलंच घर असलेला मनुष्य मी अजून पाहिलेला नाही."

निंबाची दोन पानं गिरक्या घेत पेटीवर पडली. मास्तर त्यांच्याकडे पाहत राहिले. पानं पडताना किती हळू पडतात, असा काहीतरी विचार त्यांच्या मनात चालला होता. संकटाच्या वेळी त्यांचं मन नेहमी शेजारच्या गोष्टीत जाऊन बसत असे.

"लिलावाच्या वेळी कुण्या कारकुनानं एक घर चुकवलं," पौलस सावकाश समजावू लागले. "कागदावर तुमची माडी कधी विकलीच गेली नाही. ती चोवीस वर्षं तुमचीच होती. लिलावात गेली ती फुलवंताबाईंची. ती दगाशेठांनी घेतली, आणि तुम्ही आता पैसे मोजून, स्वतःच्या हातानं लिहून, ती त्यांच्याकडून विकत घेतलीत." ते थांबले. "अक्षर मात्र खरोखर देखणं आहे. तुम्ही आता दोन माड्यांचे मालक आहात मास्तर."

परतीच्या वाटेवर मास्तर छकड्यात उताणे पडून होते. दोन्ही बाजूंना कापसाची वेचून झालेली रानं होती, आणि राहिलेली बोंडं अजून पांढरी चमकत होती. क्षणभर, अगदी क्षणभर, मास्तरांच्या डोळ्यांपुढे दोन माड्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामध्ये एक नाजूक लाकडी पूल होता. पुलावर आपण सकाळी एका माडीतून दुसऱ्या माडीत जात आहोत, हातात पुस्तक आहे. मग पुलाच्या त्या टोकाला फुलवंताबाई मुसळ घेऊन उभ्या दिसल्या आणि मास्तर उठून बसले. त्यांना आपली लाज वाटली. ती हलकी करावी म्हणून त्यांनी सगळी हकीगत गाडीवानाला सांगितली. हे करायला नको होतं. गाडीवानानं मास्तरांना शाळेपाशी उतरवलं, आणि शाळेपासून घर येईपर्यंत बातमी त्यांच्या पुढे गेली.

गल्लीत माणसं जमली होती. फुलवंताबाईंनी आपली ट्रंक, खाट आणि पाण्याचा हंडा माडीवर चढवला होता आणि खिडकीतून त्या सगळ्या गावाला ऐकवत होत्या.

"रोज ताक धाडं मी या मानूसले! अन् यानी मन्ही माडी ली लिधी! अक्षर काढी काढीसन लिधी!"

"फुलवंताबाई, चूक झाली हो," मास्तर खालून म्हणाले. "चारी दिशा लिहा असं तुम्हीच तर..."

"मी तुन्ह्या दिशा सांग्यात, मन्ह्या नही!"

मास्तरांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी भर गल्लीत एकेरीवर येऊन 'तुन्ह्या' म्हटलं होतं.

गावानं मात्र मनापासून सल्ला दिला. एक पक्ष म्हणाला, मास्तरांनी आजच ताबा घ्यावा, कागद म्हणजे कागद. दुसरा म्हणाला, मास्तरांची माडी चोवीस वर्षं फुकट वापरली म्हणून शेठांकडून भाडं मागावं, आणि शिंकांची भरपाई वेगळी. एका जाणत्यानं सुचवलं की दोन्ही घरं पाडून मध्ये एक बांधावं, मग दिशेचा प्रश्नच राहत नाही. मास्तर सगळ्यांना मान डोलवत होते. कागदावर दोन माड्या त्यांच्या होत्या आणि दोहोंपैकी एकीतही त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. एकीत मिरच्या होत्या, दुसरीत फुलवंताबाई.

मग दगाशेठ आले. मिरच्यांचा एवढा मोठा व्यापारी, पण पागोटं हातात होतं. माणसं बाजूला सरली.

"मास्तर," शेठ म्हणाले, "म्हंजे चोवीस वरीस मी दुसराना घर मझार मिरच्या भऱ्यात?"

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की खिडकीतल्या फुलवंताबाईसुद्धा ऐकायला थांबल्या. शेठांनी फडक्यात बांधलेले पैसे पुढे केले. मास्तरांनी दिलेले, तसेच्या तसे. गाठही सुटली नव्हती.

"हाई तुम्हनं. जे मन्हं नव्हतंच ते मी इकं कसं?"

मास्तरांनी पैशांकडे पाहिलं. कौलं त्यांत होती. पावसाळ्याची निम्मी झोप त्यांत होती. पण त्यांना आठवले ते लिलावानंतरचे वडील. ओट्यावर बसलेले. जो येईल त्याला सांगणारे की देणं फिटलं, माझं कुणाचं काही राहिलं नाही. मरेपर्यंत तो माणूस तेवढ्या एका वाक्यावर ताठ बसला होता.

"शेठजी," मास्तर म्हणाले, आणि या वेळी कुठलंही भाषण तयार नव्हतं, "तुम्ही त्या दिवशी भरलेत ते पैसे खरे होते ना? त्यांनी माझ्या बापाचं देणं फिटलं. तुम्हाला कागदानं काहीच दिलं नाही. मग हे मी परत घेतले, तर बापाचं देणं पुन्हा उभं राहील. ठेवा ते."

शेठांनी पागोटं डोक्यावर घातलं, ते नीट बसेना, काढलं, पुन्हा घातलं. दारात उभ्या पार्वतीबाई वळून आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. ते त्यांनी आधी शेठांना दिलं, मग नवऱ्याला.

चूक दुरुस्त करायची तर कोर्टाकडे जावं लागेल, असं रजिस्ट्रारसाहेबांनी सांगितलं. किती दिवस लागतील? साहेब म्हणाले, चोवीस वर्षांच्या चुकीला आम्ही चूक म्हणत नाही, वहिवाट म्हणतो. पौलसांनी यावर तोड काढली. दगाशेठांनी मास्तरांच्या माडीवर आपला काही हक्क नाही असं लिहून द्यावं, आणि मास्तरांनी फुलवंताबाईंची माडी फुलवंताबाईंना बक्षीस द्यावी. झालं.

झालं कसलं! फुलवंताबाईंनी निरोप ऐकला आणि गल्ली पुन्हा जमली.

"मन्हीच माडी माले बक्षीस? मी काय सर्कसवाली शे?"

चार दिवस त्या माडीवरून उतरल्या नाहीत. मास्तर रोज सकाळी खाली उभे राहून विनवत, आणि रोज सकाळी वरून नकार येई. मात्र दुसऱ्या दिवसापासून नकाराबरोबर दोरीला बांधून ताकाचा तांब्याही खाली येऊ लागला. पाचव्या दिवशी पार्वतीबाई स्वतः वर गेल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. तासाभरानं फुलवंताबाई नवं लुगडं नेसून, माडीची किल्ली कमरेला खोचून, खाली आल्या आणि छकड्यात पुढची जागा धरून बसल्या.

निंबाखाली दगाशेठांनी आधी आपला हक्क नसल्याचं लिहून दिलं, मग पौलसांनी बक्षीसपत्र लिहायला घेतलं. या वेळी मास्तरांनी बोरूला हात लावला नाही. चतुःसीमा चौघांनी मिळून चारदा मोठ्यानं म्हटली. रस्त्यावरची दोन माणसं बसून ऐकू लागली.

"आता कारण लिहावं लागतं," पौलस म्हणाले. "एक मनुष्य दुसऱ्याला माडी उगाच देत नाही. नातं काय लिहू?"

"शेजारी," मास्तर म्हणाले.

"शेजाऱ्याला कुणी माडी देतं? साहेबांना संशय येईल." पौलसांनी टाक शाईत बुडवला. "रिवाजाप्रमाणे मी असं लिहितो. मानलेल्या बहिणीस, चोळीबांगडीबद्दल, प्रेमाने दिली."

फुलवंताबाई पदर सावरत होत्या, त्या थांबल्या. मास्तरांच्याही ध्यानात आलं आणि ते गडबडले. बारा वर्षं त्या बाईच्या हातात बांगडी नव्हती.

"पौलसभाऊ, तो शब्द खोडा," मास्तर घाईनं म्हणाले. "नुसतं प्रेमाने एवढंच..."

"ऱ्हाऊ द्या," फुलवंताबाई म्हणाल्या.

"पण आक्का..."

"लिखेल शे ते ऱ्हाऊ द्या. माले भाऊ नव्हता. आते कागदवर शे." आणि त्यांनी आपणहून अंगठा पुढे केला. आयुष्यात कुठल्याही कागदावर अंगठा उठवायचा नाही असं नवऱ्यानं बजावलेलं, हे त्यांनीच गावभर सांगितलं होतं. शाई जरा जास्त लागली. परतीच्या वाटेवर त्या अंगठा वर धरूनच बसल्या होत्या.

होळी झाली. शेठांनी शब्दाप्रमाणे मिरच्या काढल्या. पैसे परत घेतले जात नाहीत म्हटल्यावर त्यांनी आपली माणसं पाठवून माडी सात वेळा धुऊन घेतली. सात दिवस बोळातून तांबडं पाणी वाहिलं आणि गल्लीतली कुत्री रस्ता बदलून गेली. चैत्र संपत आला तेव्हा सुतारानं झडपेचे खिळे उपटले. पार्वतीबाईंनी जिन्यावरून लोणचं, पापड, मीठ, गूळ आणि डाळ एकेक करून उतरवली. तेवढ्याला एक अख्खी दुपार गेली.

मास्तर धुतलेला कोट घालून चढले. मनात वाद्यं वाजत होती. झडप उघडली, त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि कपाळ आडव्या तुळईवर आदळलं. सतरा वर्षांच्या पोराला ती तुळई लागत नव्हती. खोली लहान होती. इतकी लहान, की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या माडीत आलो की काय, असं त्यांना वाटलं, आणि अलीकडच्या घटना पाहता ते अशक्यही नव्हतं. पलंग बसला असता तर माणूस बसला नसता. खिडकी एकच होती. सातपुडा आपल्या जागी, पुष्कळ लांब, पाठ करून झोपला होता. सात वेळा धुऊनही फळ्या तांबूस होत्या.

मास्तर मधोमध उभे राहून शिंकले. एकदाच.

त्यांच्या मागून पार्वतीबाई वर आल्या. त्या या घरात आल्या लिलावानंतर दोन वर्षांनी. आपण जिच्याविषयी चोवीस वर्षं बोललो ती माडी हिनं कधी पाहिलेलीच नाही, हे मास्तरांना आत्ता सुचलं. त्या खोलीच्या लांबीरुंदीकडे न पाहता सरळ खिडकीपाशी गेल्या, गज धरले आणि तशाच राहिल्या.

"लहान आहे गं," मास्तर अपराधी स्वरात म्हणाले. "मला वाटलं होतं..."

"तो तयोदाना रस्ता शे ना?" पार्वतीबाई म्हणाल्या.

मास्तर जवळ गेले. बोळापलीकडच्या परसांवरून, आंब्यांच्या शेंड्यांवरून नजर जात होती, आणि उन्हात एक पांढरी वाट पश्चिमेकडे वळत गेलेली दिसत होती. तळोद्याचा रस्ता. पार्वतीबाईंचं माहेर त्याच बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. चार दिवसांवर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती. सासुरवाशिणींना न्यायला माहेरच्या गाड्या निघायचे दिवस.

"खालथून काहीच दिसस नही," त्या म्हणाल्या. "बैलस्ना घुंगरू वाजनात, का मी दारशी पयत येस. कव्हय आमनी ऱ्हास, कव्हय दुसरानीच गाडी." त्यांनी गजांतून बोट दाखवलं. "आठून ते पार त्या वडपाईन दिसस. मन्हा भाऊ येवाना आधी अर्धा तास माले समजी जाई."

मास्तरांनी त्या वडाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. बावीस वर्षांत हिनं आपल्याकडे माडी कधी मागितली नाही, माडीचं स्वप्नही पाहिलं नाही, आणि ती आता अशी उभी होती, की जणू ही खिडकी हिच्याच उंचीची बेतलेली असावी. दूर वडाच्या अलीकडे धुळीचा एक लहानसा लोट उठला होता. गाडी होती की नुसता वारा, ते कळत नव्हतं.

"कोण आहे गं?"

"थांबा. आते सांगता येत नही." पार्वतीबाईंनी फळीवरच बैठक मारली आणि गजाला कपाळ टेकलं. "तुम्ही खाले जा, चहा ठेवा. गूळ देव्हारापाशी ठेयेल शे. मी आते आठून हालस नही."

लोटन मास्तरांनी कोट काढून तिच्या शेजारी घडी करून ठेवला, तुळईखालून वाकून, जपून, झडपेत पाय सोडले आणि ते चहा ठेवायला खाली उतरले.